आजचे फूल

नाशिक, १४ ऑगस्ट २००१

ती. सौ. ताईस,

'सौ.' लिहिताना पेन क्षणभर अडले. तुझ्या नावामागे हे अक्षर आपल्या घरात अजून कोणी लावलेले नाही. तुझे नावच कोणी घेत नाही, तेव्हा त्यामागच्या अक्षराचा प्रश्न येतोच कुठे? मी मात्र ते लावले आहे. तुझ्या लग्नाला मिळालेली घरातली पहिली मान्यता, तीही अशा कागदावर जो कुठेही जाणार नाही.

जाणार नाही, कारण पत्ता नाही. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत अल्बर्टभाऊजींच्या घरी मी दोनदा पत्र घातले. दोन्ही पत्रे 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली. पोस्टमन सोमाने ती शहाणपणाने माझ्याच हाती दिली, आण्णांच्या नाही. पुढे शेजारच्या भागीबाईंकडून एवढेच कळले, की भाऊजींना मस्कतला नोकरी लागली, तू त्यांच्याबरोबर गेलीस आणि त्यांचे आईवडील क्वार्टर सोडून लेकीकडे राहायला गेले. मी शाळेचा जुना नकाशा काढून मस्कत शोधले. मधला समुद्र बोटाच्या एका पेराएवढाच आहे.

तुझा एकदा फोन आला होता. तो आण्णांनी घेतला आणि एक शब्दही न बोलता ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी टेलिफोनचा तारवाला येऊन फोन घरातून मळ्यातल्या फुलांच्या शेडमध्ये घेऊन गेला. आता तो आण्णांच्या गादीशेजारी असतो. ते दिवसभर तिथे असतात, आणि मी शेडवरून जाताना मान खाली घालून जाते.

मला नोकरी लागली आहे. गंगापूर रोडला एका आइस्क्रीमच्या दुकानावर देवरे सरांचे ऑफिस आहे. सर मूळचे सटाण्याकडचे. तिथे चार संगणक आहेत, आणि ज्याला सगळे वेबसाइट म्हणतात व मी हट्टाने संकेतस्थळ म्हणते, ते तिथे तयार होते. सध्या आम्ही परगावी, परदेशी गेलेल्या नाशिककरांसाठी एक स्थळ उभे करत आहोत. त्यात गावच्या बातम्या, पंचांग आणि गंगा-गोदावरीच्या पाण्याची खबर असेल. सरांनी पहिल्याच दिवशी बजावले, "उद्घाटनाला कोणी पण येतं. माणूस परत आला पाहिजे. परत येणाऱ्यावर जाहिरात मिळते, पहिल्यांदा येणाऱ्यावर नाही."

मग मी एक इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पान लवकर उघडावे. डोळ्यांना शोधाशोध करावी लागू नये. रोज काहीतरी नवे असावे, म्हणजे येणाऱ्याला उद्याची ओढ राहते. आणि आत कितीही दूर गेले तरी प्रत्येक पानावरून घरी परतण्याची वाट असावी. हे शेवटचे वाक्य मी पुन्हा वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले.

ताई, तुला खरे वाटणार नाही, मी भांडले. मी, जी डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खाते. सरांना सगळे इंग्रजीत हवे होते. मी म्हणाले, आपल्या माणसांशी आपण परक्या भाषेत बोलणार असू, तर ती परत का येतील? दहावीला बोर्डात आले तेव्हा शाळेच्या फळ्यावर माझे नाव रंगवले होते, आणि त्याच वर्षी कॉलेजात इंग्रजीत उभे राहून दोन वाक्ये बोलता येईनात म्हणून मी वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागले. ते सगळे त्या दिवशी माझ्या तोंडून बोलत होते. सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, "बोलते तर. मला वाटलं मुकी शे."

त्यांनी मान्य केले. मराठी अक्षरे पडद्यावर दिसण्यासाठी प्रत्येक संगणकात आमचा फाँट आधी बसवावा लागतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेंमध्ये आमच्या मुलांनी जाऊन तो बसवून दिला. दूरच्या लोकांसाठी पहिल्याच पानावर तो उतरवून घेण्याची सूचना आहे. तीही मी मराठीतच लिहिली, नेटकी, तीन ओळींत. पानाच्या तळाशी लहान अक्षरांत 'रचना : सुवर्णा' असेही लिहिले आहे.

आणि 'रोज काहीतरी नवे' यासाठी मी जे सुचवले, ते सगळ्यांना साधेच वाटले. 'आजचे फूल.' आपल्या मळ्यातून रोज बाजाराला जे फूल जाते, त्याचा एक फोटो आणि खाली चार ओळी. सरांकडे फ्लॉपीवर फोटो घेणारा कॅमेरा आहे. तो रोज घरी न्यायची परवानगी मला मिळाली.

ते फूल कोणासाठी आहे, हे मी सरांना सांगितले नाही.

तुझी
सुवर्णा


नाशिक, २० नोव्हेंबर २००१

ती. सौ. ताई,

दिवाळी झाली. भाऊ नसलेल्या घरात भाऊबीज कशी असते ते तुला माहीत आहे. आपण दोघी मिळून आण्णांना ओवाळायचो. यंदा मी एकटीने ओवाळले. ताटात त्यांनी दोन ओवाळण्या ठेवल्या आणि लगेच एक उचलून खिशात घातली. सवय असेल. मी पाहिले नाही असे दाखवले.

फोटोत फूल कोणाच्या तरी हातात असावे, असे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले. नुसते फूल पडद्यावर कॅलेंडरसारखे दिसते. म्हणून मी आईला हात पुढे करायला सांगितले. तिने विचारले, कशाला? मी म्हणाले, परदेशातले लोक बघतात. ती फुले वेचता वेचता थांबली.

"मस्कतातून बघता येतं का?"

मी 'हो' म्हणाले. तिने टोपली खाली ठेवली. "थांब मग. हात धुऊन येते. मातीचा हात नको दाखवू तिला."

तेव्हापासून रोज सकाळी आई विहिरीवर हात धुते, हिरव्या बांगड्या मनगटावर नीट सारते आणि तळहातावर फूल धरते. मनगटावरचे गोंदलेले तुळशीवृंदावन दिसेल अशा बेताने धरते. हे तिने स्वतःच शोधले आहे. एकदा तिने विचारले, "मला दिसंल का गं ती?" हे एकाच बाजूने दिसते, असे मला सांगावे लागले. ती म्हणाली, "असू दे. तिला दिसतंय ना."

ताई, तू बघतेस. मला ठाऊक आहे.

कोणत्या देशातून किती जण आले, याचा गोषवारा रोज येतो. सर तो मोठ्याने वाचतात. परवा त्यांनी विचारले, "अमेरिकेवाले एकदा येतात अन् पुन्हा फिरकत नाहीत. काय कारण?" मी म्हणाले, गावाची ओढच राहिली नसेल. बोलून झाल्यावर ते मलाच उद्धट वाटले. मग सरांनी खालच्या नावावर बोट ठेवले. "हा बघ मस्कतवाला. एकच आहे, पण रोज येतो. शुक्रवार सोडून."

शुक्रवारी तिकडे ऑफिसांना सुट्टी असते, हे मी तिकडे नोकरी करून आलेल्या भागीबाईंच्या भावाकडून मुद्दाम विचारून आणले. म्हणजे तू कुठल्याशा कचेरीत काम करतेस. सकाळी टेबलाशी बसतेस आणि आधी आपल्या घरी येतेस. संध्याकाळी मी हे आईच्या कानात सांगितले. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धूत होती.

अभिप्रायाच्या पानावर तू काही लिहीत नाहीस. तुझा राग मी समजू शकते. ज्या घरात आपला आवाज ऐकून फोन ठेवला गेला, त्या घराला ओळ लिहायची नसते. पण बघायला आल्यावाचून तुला राहवत नाही. एवढे मला पुरते.

तुझी
सुवर्णा


नाशिक, १० फेब्रुवारी २००२

ती. सौ. ताई,

आईच्या पोटात गाठ आहे.

तिला ती दिवाळीच्या आधीपासून जाणवत होती. मागणीचा हंगाम होता, म्हणून ती बोलली नाही. आता मोठ्या दवाखान्यात दाखवले. डॉक्टर आण्णांशी दार लोटून बोलले. आण्णा बाहेर आले ते चपला न घालताच जिना उतरले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेले.

आपल्या घरात आजार चारचौघांत बोलत नाहीत. सरांनाही मी फक्त 'बरे नाही' एवढेच सांगितले. म्हणून तुला सांगायचे ते मी फुलाच्या आडून सांगितले. चार दिवसांपूर्वी शेवंतीच्या फोटोखाली जे लिहिले, ते तू वाचले असशीलच : 'या झाडाच्या आत गाठ धरली आहे. वरून पाहणाऱ्याला फुले अजून तशीच दिसतात. दूर गेलेल्या मुलीने हंगाम संपण्याआधी एकदा येऊन ओंजळ भरून घ्यावी.'

त्यावर अशोकस्तंभाजवळच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले, इतके शुद्ध आणि भावपूर्ण मराठी हल्ली वाचायला मिळत नाही म्हणून. सरांनी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवले. मला बरे वाटले. आईच्या गाठीवर लिहिलेल्या ओळींची स्तुती ऐकून मला बरे वाटले, हे मी फक्त तुला सांगू शकते.

परवा मी आडपडदाही ठेवला नाही. गुलाबाखाली सरळ लिहिले : 'मस्कतहून रोज येणाऱ्या व्यक्तीने एक ओळ लिहावी. एवढीच विनंती.'

दुसऱ्या दिवशी तू आलीस. तिसऱ्या दिवशीही आलीस. ओळ आली नाही.

ताई, आण्णांवरचा राग तू आईवर काढू नयेस. हे लिहायला नको होते. पण हे पत्र कुठे जाणार आहे?

सुवर्णा


नाशिक, २८ एप्रिल २००२

ताई,

दर चैत्रात आई वणीला देवीची ओटी घेऊन जाते. यंदा ती गडावर जाऊ शकली नाही. आण्णांनी ओटी गडावर निघालेल्या शेजारच्या अक्काबाईंबरोबर पाठवण्याचे ठरवले आणि आईने त्यांच्यासमोर खण, नारळ, तांदूळ सगळे काढून दिले. अक्काबाई निघून गेल्यावर आईने ट्रंकेतून आणखी एक खण काढायला लावला. मोरपिशी रंगाचा, काठाचा. तो तिने तुझ्यासाठी कधी घेऊन ठेवला होता, मला माहीत नाही.

"तिची ओटी राह्यली माझ्याकडं," ती म्हणाली. "लेक घरातनं रिकाम्या पदरानं गेली. येऊन घेऊ दे. मग जाऊ दे कुठं जायचं ते."

तिला बसवत नव्हते. मी पाठीशी उशा लावल्या. तिने दोन्ही हात पुढे केले. त्यांत खण, वर नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि बाजूला आजच्या मोगऱ्याची चार फुले होती. बांगड्या आता कोपरापर्यंत घसरतात, म्हणून मी त्यांना आतून दोरा बांधला. फोटोत दोरा दिसत नाही. हात बारीक झाले आहेत, तेही फारसे दिसू नये म्हणून मी पडदा ओढून उजेड कमी केला. फोटो फार सुंदर आला. आजवर काढलेल्या सगळ्यांत सुंदर.

खाली मात्र या वेळी शेवंती नाही, मोगरा नाही. तुझे नाव घालून लिहिले. सर म्हणाले, हे घरगुती आहे, स्थळावर शोभत नाही. मी म्हणाले, हे काढले तर मी उद्यापासून येणार नाही. त्यांनी काढले नाही.

आता तुला न समजण्यासारखे काहीच उरलेले नाही. आई दाराकडे तोंड करून निजते. फाटकाची कडी वाजली की मला म्हणते, बघ. मी बघून येते. दूधवाला असतो, भागीबाई असतात.

तू रोज येतेस. फक्त इकडे येत नाहीस.

सुवर्णा


नाशिक, ९ जून २००२

ताई,

आई गेली. तेवीस मेला, पहाटे.

तेरा दिवस मी ऑफिसला गेले नाही. तेवढे दिवस सरांनी स्वतः फूलबाजारात जाऊन फोटो घेतले आणि त्याखाली माझ्या जुन्या ओळी घातल्या. पान रोज बदलले पाहिजे, हा माझाच आग्रह. त्यांनी तो माझ्यासाठी पाळला. रडले मी फक्त ते कळले तेव्हाच.

काल आण्णा ऑफिसात आले. आयुष्यात पहिल्यांदा. टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. म्हणाले, तिचा हात दाखव. मी एकेक फोटो उघडत गेले, झेंडू, बिजली, शेवंती, गुलाब. ओटीच्या फोटोशी पोहोचल्यावर त्यांनी खालच्या ओळी वाचल्या. अक्षर अक्षर लावून वाचल्या.

"तिनं पाह्यलं हे?"

"हो, आण्णा. त्याच दिवशी."

"अन् आली नाही."

त्यांनी टोपी घातली. जिन्यावरून वळून म्हणाले, "फोन घरात आणायचा म्हणत होतो मी. आता राहू दे तिथंच."

तुझ्याविषयी यापुढे मी तरी काय बोलावे? तुला पत्र लिहिण्याची ही माझी शेवटची वेळ असावी.

सुवर्णा


नाशिक, ४ ऑगस्ट २००२

ती. सौ. ताईस,

तुझी ओळ आली.

मी पुन्हा रोज फोटो घालते, मात्र फूल आता सुपात ठेवते. आणि गुरुवारी अभिप्रायाच्या पानावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटले : 'तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण तुमच्याकडे फुलं धरणारी बाई माझी आई आहे. बरेच दिवस झाले, तिचा हात का दिसत नाही?'

'तुम्ही कोण ते मला माहीत नाही' या शब्दांशी मी अडले. पानाच्या तळाशी माझे नाव आहे, ताई. मी तुला तेवढेच, तुझ्यासारखेच इंग्रजी अक्षरांत, विचारले. तुझे मोठे उत्तर काल आले. सोबत पत्ता आणि तुझ्या बाळाचा फोटो.

तू लिहितेस : 'सुवर्णा, तू आहेस होय? मला काय माहीत गं. तुमच्या पानावर नुसत्या किडे-मुंग्या दिसतात. एक अक्षर लागत नाही. आमच्या ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं काही टाकू पण देत नाहीत. मी फोटोसाठी यायचे. विहिरीचा दगड ओळखू आला, मग गोंदण. लिहून विचारावंसं वाटायचं, पण आण्णांच्या कानावर गेलं तर फोटोही बंद होतील. रोज नवं फूल दिसायचं, म्हणजे घरी सगळं बरं आहे.'

मी ऑफिसातल्या एका संगणकातून आमचा फाँट काढून टाकला आणि आपले स्थळ उघडले. वर्षभरात हे मी एकदाही केले नव्हते. केले असते तर? ज्या ज्या यंत्रावर मी ते तपासले, तिथे फाँट आम्हीच बसवला होता. पडद्यावर चौकोन होते, प्रश्नचिन्हे होती, डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरे होती. फाँट कसा उतरवावा, ते सांगणाऱ्या माझ्या नेटक्या तीन ओळीही तशाच. कुलपाची किल्ली मी कुलपाच्या आत ठेवली होती. अमेरिकेची माणसे परत का आली नाहीत, तेही समजले. सगळ्या पानावर एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती, आईचा हात.

सर म्हणाले, यापुढे अक्षरांची चित्रे करून घालू, मग कुठेही दिसतील. कालपासून तेच काम चालू आहे.

तुझ्या पत्राचा पुढचा भाग मी अजून आण्णांना वाचून दाखवलेला नाही. तू लिहितेस : 'आणि एप्रिलमध्ये ओटी आली. सुवर्णा, मी ऑफिसात तोंड धुवायला जाऊन रडले. आईने माझी पाठवणी केली. ओटी घेतली की लेकीने उंबरा ओलांडायचा, मागे बघायचं नाही, आईच शिकवायची ना? मी म्हटलं, झालं, तिने मला माफ केलं, सासरची म्हणून कबूल केलं. दुपारी सगळ्यांना मिठाई वाटली. मे महिन्यात आम्ही यायचं म्हणत होतो, तिकिटं पण बघितली होती. पण आता जीव शांत झाला होता. म्हटलं बाळ जरा मोठं होऊ दे, पुढच्या वर्षी निवांत जाऊ. तो फोटो मी माझ्या पडद्यावर लावलाय. आईला सांग, रोज बघते.'

ताई, आईचा हात दिसत नाही, कारण आई नाही. तेवीस मेला गेली. हे तुला संगणकावरून कळवायला माझा हात धजला नाही, म्हणून पोस्टाने कळवते आहे. मागची पाच पत्रे सोबत आहेत. त्यांत मी तुला जे बोलले आहे, तेही काढून टाकलेले नाही.

तो फोटो पडद्यावर असू दे. त्याखाली ज्या ओळी होत्या त्या आता हाताने लिहिते आहे. कागदावर तरी त्या तुला दिसतील.

'शुभाताई, आईने तुझी ओटी काढून ठेवली आहे. आता फार दिवस नाहीत. घरी येऊन घे.'

खण ट्रंकेत आहे.

तुझी
सुवर्णा